ओनामासीधं : एका लिपीचा परदेशवास

एखाद्या कामाला सुरुवात केली की आपण म्हणतो, ‘ओनामा केला’. शब्द ओळखीचा आहे. पण तो आला कुठून, असे विचारले तर बहुतेकांना थांबावे लागेल. पंतोजींच्या शाळेत मुलाच्या पुढ्यात धुळपाटी आली की आधी ‘श्रीगणेशाय नमः’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘ॐ नमः सिद्धम्’ गिरवायची रीत होती. मुलांच्या तोंडी त्याचे ‘ओनामासीधं’ झाले आणि पुढे शेपूट गळून नुसता ‘ओनामा’ उरला. गळाले ते नेमके ‘सिद्धम्’. हा नमस्कार मुळात सिद्धांना, म्हणजे जैन परंपरेतल्या मुक्त जीवांना, की शिकायला घेतलेली विद्या सिद्ध होवो अशी ती प्रार्थना, याबद्दल वेगवेगळी मते आहेत. आपल्यापुरते महत्त्वाचे एवढेच, की एके काळी भारतात ‘सिद्धम्’ हे मुळाक्षरांच्या पहिल्या पाठाचेच नाव होते.

आपल्याकडून गळालेला हा शब्द जपानमध्ये आजही वापरात आहे. तिथे त्याचा उच्चार ‘शित्तान’ असा करतात. ओसाका शहराच्या दक्षिणेला कोया पर्वत आहे. त्यावरच्या ओकुनोइन या दफनभूमीत उंच देवदारांच्या सावलीत शेवाळलेल्या दगडी समाध्यांच्या रांगा लागलेल्या आहेत. पुष्कळ समाध्यांमागे माणसाहून उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या केलेल्या दिसतात. जपानीत त्यांना ‘सोतोबा’ म्हणतात. मूळ शब्द ‘स्तूप’. या फळ्यांवर वरून खाली पाच अक्षरे लिहिलेली असतात. ती चिनी नाहीत, जपानीही नाहीत. जुने शिलालेख पाहायची सवय असलेल्या मराठी माणसाला ती ओळखीची वाटतील : ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. आपलीच पंचमहाभूते, आपल्याच एका जुन्या लिपीत.

ही लिपी भारतात लिहिणारे कोणी उरले नाही. मग ती तिथे कशी टिकली? आणि ज्यांनी ती घडवली, त्यांनीच ती सोडून का दिली? या दोन प्रश्नांचा माग काढताना अक्षराकडे पाहण्याच्या दोन वेगळ्या दृष्टी समोर येतात. त्यांचा आपल्या घरातल्या एका अडचणीशीही जवळचा संबंध आहे.

सहा वर्षांचे मूल

ब्राह्मीपासून गुप्तकाळाची लिपी आली आणि तिच्यातून सहाव्या-सातव्या शतकांत उत्तर भारतात एक डौलदार वळण तयार झाले. अक्षराच्या माथ्यावर खिळ्याच्या डोक्यासारखा लहानसा त्रिकोण, खाली येताना उजवीकडे झुकणारा दंड, टोकाला हलकासा बाक. या वळणाला ‘सिद्धमातृका’ असे नाव होते. अकराव्या शतकात अल्बेरुनीने भारतातल्या लिप्यांची यादी दिली, तिच्यात सर्वांत प्रचलित लिपी म्हणून पहिले नाव तिचेच आहे. काश्मीर, मध्यदेश आणि वाराणसीत ती चालते, असे तो सांगतो. माळव्यात ‘नागर’ लिपी चालते, हीही नोंद त्याने केली आहे. पुढे नागरीच सर्वत्र पसरली आणि सिद्धमातृका मागे पडली. कोणी बंदी घातली नाही, कोणी मोहीम चालवली नाही. लिहिणाऱ्यांच्या हाताचे वळण पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेले, इतकेच.

ही लिपी मुले कशी शिकत, हे आपल्याला चिनी प्रवाशांकडून कळते. ह्युएन त्संग सातव्या शतकात भारतात आला. पुलकेशीच्या महाराष्ट्रातूनही तो गेला आणि इथल्या लोकांच्या ताठ, सूड न विसरणाऱ्या स्वभावाचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. मुलांचे शिक्षण ‘बारा प्रकरणां’नी सुरू होते, असे तो लिहितो. त्याच्यानंतर काही दशकांनी आलेला इत्सिंग जास्त तपशील देतो : पहिल्या पुस्तकाचे नाव ‘सिद्धम्’, मुळाक्षरे ४९, मुले सहाव्या वर्षी ते हाती घेतात आणि सहा महिन्यांत संपवतात. बारा प्रकरणे म्हणजे एकेका व्यंजनाला जोडलेले बारा स्वर, असा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे क, का, कि, की. आपण तिला ‘बाराखडी’ म्हणतो आणि हा शब्द ‘द्वादशाक्षरी’वरून आला आहे. ह्युएन त्संगाने बहुधा आपल्या बाराखडीचीच घोकंपट्टी ऐकली होती.

‘ऐकली’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. विद्या कानाने घ्यायची आणि कंठात ठेवायची, हा आपल्याकडचा जुना दंडक. शिक्षाग्रंथांनी वाईट पाठकांचे प्रकार सांगितले, त्यांत लिहिलेले पाहून म्हणणाऱ्याचीही गणना केली. पाचव्या शतकाच्या आरंभी विनयग्रंथांच्या प्रती शोधत आलेल्या फाहियानची याच कारणाने पंचाईत झाली होती. उत्तरेत गुरू शिष्याला तोंडी पाठ देत. उतरवून घ्यायला पोथीच नसे. शेवटी पाटलिपुत्रात त्याला पोथ्या मिळाल्या आणि संस्कृत शिकून नकला करण्यासाठी तो तिथे तीन वर्षे राहिला. बौद्ध आणि जैन परंपरांनी पोथी लिहिण्याला पुण्यकर्म मानले, सुंदर पोथ्या लिहवून घेतल्या, हे खरे. तरीही अक्षराचा आकार हे ध्वनीचे भांडे, ही समजूत खोलवर होती. भांडे बदलले तरी पाणी तेच. म्हणून एकच संस्कृत श्लोक काश्मिरात शारदेत, तमिळ देशात ग्रंथ लिपीत आणि आपल्याकडे नागरीत लिहिला गेला आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

कान आणि डोळा

हीच अक्षरे चीनमध्ये पोचली तेव्हा त्यांची गाठ अगदी वेगळ्या समजुतीशी पडली. चीनमध्ये लिपी हीच संस्कृतीचा कणा. गावागावाचा उच्चार वेगळा, पण लिहिलेले चिन्ह सगळ्यांना एकच. हस्ताक्षरावरून माणसाची पारख होई आणि मोठ्या लिपिकाराच्या चिठ्ठीचा तुकडाही राजे संग्रही ठेवत. बाराव्या शतकातल्या झेंग च्याओ या सोंगकालीन पंडिताने हा भेद मोठ्या मार्मिकपणे मांडला आहे. भारतीयांचे बळ ध्वनीत आहे, त्यांना ज्ञान कानाने होते. चिन्यांचे बळ लिपीत आहे, त्यांना ते डोळ्याने होते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. सातशे-आठशे वर्षे बौद्ध ग्रंथांची भाषांतरे केल्यानंतर एका संस्कृतीने दुसरीविषयी काढलेला हा निष्कर्ष आहे.

सूत्रांचा अर्थ चिनीत आणता येत होता, पण मंत्रांचे काय करायचे? मंत्राचे बळ त्याच्या ध्वनीत. चिनी चिन्हे वापरून तो ध्वनी लिहिला तर जवळपास पोचता येई, तंतोतंत नाही. आठव्या शतकात हा प्रश्न तातडीचा झाला. शुभाकरसिंह ७१६ साली चांगआनला आला, त्याच्यामागून वज्रबोधी आणि त्याचा शिष्य अमोघवज्र. या तिघांनी तांग दरबारात मंत्रयानाची प्रतिष्ठापना केली आणि ते यायचे तर मंत्र मूळ अक्षरांतच यायला हवे होते. मग चिनी भिक्षू सिद्धम् गिरवू लागले. झ्रगुआंग नावाच्या भिक्षूने दक्षिण भारतातून आलेल्या प्रज्ञाबोधी या आचार्याकडून धडे घेऊन या लिपीचे पाठ्यपुस्तक लिहिले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ३४ व्यंजने आणि १२ स्वर यांची ४०८ जोडाक्षरे ओळीने मांडली आहेत. ही आपली बाराखडीच. फक्त ती गिरवणारे आता सहा वर्षांचे मूल नव्हते, कुंचला धरलेला प्रौढ संन्यासी होता.

कुंचल्याने आणि चिनी सवयीने या अक्षरांचे रूप हळूहळू पालटले. भारतात अक्षरे आडव्या ओळीत शेजारी शेजारी बसत. चीनमध्ये ती चिनी चिन्हांसारखी वरून खाली उतरू लागली. प्रत्येक अक्षर स्वतंत्र, आपापल्या चौकोनात बसवलेले. बोरूची किंवा टाकाची रेघ साधारण सारख्या जाडीची असते. कुंचल्याची रेघ दाबली की फुगते, उचलली की निमुळती होते. ध्वनीचे भांडे म्हणून आलेले अक्षर असे पाहण्याची वस्तू झाले. मंत्रयानाने त्यापुढचे पाऊल टाकले : अक्षर हेच देवतेचे शरीर. प्रत्येक बुद्धाला, बोधिसत्त्वाला एक बीजाक्षर. मूर्ती घडवायची नसेल तर मंडलात त्या जागी नुसते बीज लिहावे. पूजा तीच, फळ तेच.

चीनमध्ये हे फार काळ टिकले नाही. ८४५ साली सम्राट वूत्सुंगने बौद्ध विहारांवर घाला घातला. चांगआनमध्ये सिद्धम् शिकत असलेल्या एन्निन या जपानी भिक्षूला त्याच धामधुमीत नगर सोडावे लागले. त्याची रोजनिशी त्या दिवसांची साक्ष देते. पुढे मंगोल राजवटीत तिबेटी बौद्ध मताबरोबर ‘लांत्सा’ ही दुसरी भारतीय वळणाची लिपी आली आणि संस्कृत मंत्रांसाठी तिचाच वापर वाढला. तोवर सिद्धम् समुद्र ओलांडून गेली होती.

कूकाईचा ऐवज

८०४ साली जपानहून निघालेल्या राजदूतांच्या ताफ्यात तिशीचा एक भिक्षू होता. त्याचे नाव कूकाई. चांगआनला पोचल्यावर त्याने प्रज्ञ नावाच्या, नालंदेत शिकलेल्या आचार्याकडे संस्कृतचे धडे घेतले आणि अमोघवज्राचा शिष्य हुइगुओ याच्याकडून मंत्रयानाची दीक्षा घेतली. हुइगुओ त्याच वर्षाच्या अखेरीस वारला. ८०६ साली कूकाई परतला तेव्हा बरोबर आणलेल्या ऐवजाची यादी त्याने सम्राटाला सादर केली. तिच्यात चिनी भाषांतरे होती, मंडलांची चित्रे होती, वज्र-घंटा होत्या आणि संस्कृत अक्षरांत लिहिलेले मंत्र व स्तोत्रे यांचे ४२ ग्रंथ, ४४ गुंडाळ्यांत, वेगळे नोंदवलेले होते. झ्रगुआंगचे पाठ्यपुस्तकही त्याच्या सामानात होते. मंत्रांच्या भारतीय अक्षरांत जे आहे ते भाषांतरात निसटते, ही त्याची ठाम धारणा होती. ८१६ साली त्याला कोया पर्वत मिळाला आणि तिथे त्याने शिंगोन पंथाचे पीठ उभारले. ‘शिंगोन’ म्हणजे ‘खरा शब्द’. हे ‘मंत्र’ या शब्दाचेच चिनी-जपानी रूप.

कूकाई स्वतः थोर लिपिकार होता. जपानच्या ‘तीन कुंचल्यां’मध्ये त्याची गणना होते, उरलेल्या दोघांपैकी एक खुद्द सम्राट सागा. त्याच्याबद्दल एक आख्यायिका आहे. राजवाड्याच्या ओतेन दरवाज्यावरची पाटी त्याने लिहिली. पाटी वर चढवल्यावर लक्षात आले, की एक टिंब राहिले. त्याने खालूनच कुंचला फेकला आणि टिंब नेमके जागेवर उमटले. टिंबाची गोष्ट लोक आवडीने सांगतात, पण भाषेत म्हण म्हणून राहिली ती चूक : ‘कोबोच्याही कुंचल्याकडून चूक होते’. कोबो दाइशी ही कूकाईची मरणोत्तर पदवी.

असा माणूस भारतीय अक्षरांकडे नुसती उच्चाराची खूण म्हणून पाहणे शक्य नव्हते. ध्वनी, अक्षर आणि सत्य यांच्या नात्यावर त्याने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ‘हूं’ या एकाच अक्षराच्या अर्थावर दुसरा. विश्वातला प्रत्येक आवाज, प्रत्येक रूप ही महावैरोचन बुद्धाची वाणी आणि तिची अक्षरे, असा त्याचा सिद्धान्त. त्यात ‘अ’ला पहिले स्थान. संस्कृतात ‘अ’ नकार दाखवतो आणि सगळ्या व्यंजनांत तो मुळापासून भिनलेला असतो. म्हणून तो अनुत्पन्नाची, ज्याला जन्मच नाही अशा तत्त्वाची खूण. शिंगोन साधक आजही ‘अ’चे ध्यान करतो. समोर पांढऱ्या चंद्रबिंबाचे चित्र, त्यात कमळ, कमळावर सोनेरी ‘अ’. श्वास त्या अक्षराबरोबर आत-बाहेर करायचा. आपल्याकडे अननसाच्या चित्राखाली छापलेला ‘अ’ तिथे बाराशे वर्षे ध्यानाचे आलंबन आहे.

ह्रीः आणि किरिकु

जपानी लोक या अक्षरांना ‘बोंजी’ म्हणतात, म्हणजे ब्रह्माची अक्षरे. ती लिहिण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या : एक मऊ केसांच्या कुंचल्याची, दुसरी चपट्या लाकडी लेखणीची. लाकडी लेखणीचे वळण भारतीय रूपाला जवळचे मानतात. रेघ कुठे रुंद, कुठे पातळ हे तिथे हाताच्या दाबावर नाही, लेखणीच्या कोनावर ठरते. बोरूने कित्ते गिरवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, वेलांटी कुठून फिरवायची, हे सारे गुरुपरंपरेने ठरलेले असते.

मध्ययुगात ही अक्षरे मठांबाहेर पडली. तेराव्या शतकापासून पूर्वेकडच्या कांतो प्रदेशात दगडी फरसांवर बीजाक्षरे कोरून त्या मृतांच्या नावाने उभारायची चाल पडली. अशा हजारो शिळा सापडल्या आहेत. पुष्कळांवर वरच्या बाजूला एकच मोठे अक्षर असते : ‘ह्रीः’, अमिताभ बुद्धाचे बीज. देवळाच्या महाद्वारात दोन बाजूंना दोन दांडगे रक्षक उभे असतात. एकाचे तोंड उघडे, दुसऱ्याचे मिटलेले. उघड्या तोंडाचा ‘अ’ म्हणतो आणि मिटलेल्या तोंडाचा ‘हूं’. पहिला ध्वनी आणि शेवटचा. एकमेकांच्या मनातले न बोलता ओळखणाऱ्या दोन माणसांविषयी जपानी लोक ‘त्यांचा आ-उन् श्वास आहे’ असे म्हणतात, ते या जोडीवरून.

मात्र ‘हूं’चे इथे ‘उन्’ झाले आहे. ‘ह्रीः’ला जपानी ‘किरिकु’ म्हणतात, ‘वं’ला ‘बान्’. सोतोबावरची ‘ख ह र व अ’ ही अक्षरे ‘क्या का रा बा आ’ अशी वाचली जातात. यात अडाणीपणा नाही. लिपी पोचली त्या काळी जपानी भाषेत ‘ह’ हा ध्वनीच नव्हता. त्याच्या जागी ‘क’ आला आणि विसर्गाचा ‘कु’ झाला. जी अक्षरे ध्वनी तंतोतंत राहावा म्हणून एवढ्या लांब आणली, त्यांचा ध्वनीच पहिल्यांदा गेला. आकार मात्र कानामात्रेचाही फरक न होता राहिला. झेंग च्याओने सांगितलेला कानाचा आणि डोळ्याचा भेद इथे डोळ्यांसमोर घडलेला दिसतो.

तरी कान अगदीच रिकामा राहिला नाही. जपानी मूल आज शाळेत आपली मुळाक्षरे ‘पन्नास ध्वनींच्या तक्त्या’वरून शिकते. त्याचे स्वर आहेत आ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांच्या ओळी : का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मराठी वाचकाला या क्रमात काही खटकेल आणि काही ओळखीचे वाटेल. कवर्गानंतर चवर्गाच्या जागी ‘सा’ का? कारण जुन्या जपानीतला ‘सा’ बहुधा ‘च’च्या जवळचा होता. ‘मा’च्या आधी पवर्गाच्या जागी ‘हा’ का? कारण आजचा ‘हा’ त्या काळी ‘पा’ होता. हे दोन दुरुस्त करून घेतले की क, च, त, न, प, म, य, र, व हा सरळ आपला वर्णक्रम उरतो. घशापासून ओठांपर्यंतची ही चढण भारतीय ध्वनिशास्त्राने लावली. सिद्धम्‌चा अभ्यास करणाऱ्या भिक्षूंनी ती जपानी ध्वनींना लावून पाहिली आणि अकराव्या शतकापासून असे तक्ते मिळू लागतात. जपानी शब्दकोशात एखादा शब्द शोधणारा विद्यार्थी नकळत आमच्या पंतोजींच्या वाटेने जात असतो.

दोन अर्ध्या वाट्या

अठराव्या शतकात ओसाकाजवळच्या एका मठात जिउन नावाचा भिक्षू राहत होता. त्याचा जन्म १७१८चा. नुसती अक्षरे गिरवून त्याचे समाधान होईना. त्यांच्यामागची भाषा त्याला हवी होती. जपानचे दरवाजे परदेशीयांना बंद होते. भारतीय गुरू नाही, व्याकरणाचे पुस्तक नाही. हजार वर्षांच्या नकला, चिनी शब्दसूच्या आणि जुन्या टीका एवढ्याच सामग्रीवर त्याने संस्कृतची घडण शोधायचा घाट घातला. त्याने आणि त्याच्या शिष्यांनी गोळा केलेल्या साहित्याचे सुमारे हजार खंड झाले. हा काळ आपल्याकडे पेशवाईचा. पुण्यात फडावरचे कारकून बोरूने झरझर मोडी लिहीत होते आणि सिद्धमातृका वाचू शकेल असा मनुष्य इथे मिळणे दुरापास्त झाले होते. जिउन हयात असतानाच, १७८०च्या दशकात, बिहारच्या नागार्जुनी टेकड्यांतले मौखरी राजाचे लेख वाचायला चार्ल्स विल्किन्स या इंग्रजाला एकेक अक्षर जुळवत बसावे लागले. त्या लेखांच्या वळणाच्या जवळची अक्षरे जिउन रोज लिहीत होता. त्यांतला एक दुसऱ्याला ठाऊक असण्याची काही सोय नव्हती.

या दोन अर्ध्या वाट्या जुळल्या त्या आणखी शंभर वर्षांनी आणि तिसऱ्याच ठिकाणी. नान्जो बुन्यू आणि कासाहारा केन्जू हे दोन तरुण जपानी भिक्षू संस्कृत शिकण्यासाठी ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलरकडे गेले. अक्षर त्यांच्याकडे होते, व्याकरण नव्हते. जपानच्या होर्यूजी मठात दोन ताडपत्रे शतकानुशतके जपून ठेवलेली होती. त्यांवर प्रज्ञापारमिताहृदयसूत्र आणि एक धारणी असून शेवटी सिद्धम्‌ची सगळी मुळाक्षरे लिहिलेली आहेत. म्यूलर आणि नान्जो यांनी १८८४ साली ही पत्रे प्रसिद्ध केली आणि लिपीच्या वयाविषयीची टिपणी लिहिली ती गेओर्ग ब्यूलर यांनी. ब्यूलर १८६३ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले होते आणि १८८०पर्यंत मुंबई इलाख्यात राहून त्यांनी असंख्य ताम्रपट आणि पोथ्या पाहिल्या होत्या. त्यांनी या पत्रांचा काळ सहाव्या शतकात नेला. पुढच्या अभ्यासकांनी तो सातव्या-आठव्या शतकापर्यंत अलीकडे आणला. तो वाद राहू द्या. भारतातल्या उन्हापावसात आणि वाळवीत अशी पत्रे टिकली नसती, हे मात्र नक्की.

चीन-जपानमधल्या या अक्षरांचा इतिहास सांगणारे एक महत्त्वाचे इंग्रजी पुस्तक १९५६ साली निघाले. त्याचे नाव ‘सिद्धम्’. लेखक रॉबर्ट व्हान ग्युलिक हे डच मुत्सद्दी. न्यायाधीश डी याच्या चिनी रहस्यकथांमुळे जगभर ओळखले जाणारे. पुस्तकावर प्रकाशनस्थळ आहे नागपूर. डॉ. रघुवीर यांनी आपली संस्था फाळणीच्या आधी लाहोरहून नागपूरला हलवली होती. तिच्या ग्रंथमालेत ते आले. जपानला गेलेल्या अक्षरांची हकिगत महाराष्ट्रातून छापून निघाली आणि तरी ‘ओनामा’ म्हणताना आपल्याला तिची आठवण येत नाही.

आपल्या दप्तरातली अक्षरे

आता घरच्या अडचणीकडे वळू. सिद्धमातृका आपण का सोडली, याचे उत्तर वर येऊन गेले. ती आपल्यासाठी भांडे होती. दुसरे सोयीचे मिळाले, पहिले ठेवून दिले. क्रम राहिला, ध्वनी राहिला, म्हणून काही हरवल्यासारखे वाटले नाही. जपानने अक्षराला देव मानले, म्हणून आकार राहिला. पण देवाला कोणी वाचत नाही, म्हणून भाषा गेली आणि ती आणायला भिक्षूंना ऑक्सफर्ड गाठावे लागले. उपयोगावर जगलेली लिपी उपयोग संपताच जाते. नुसत्या भक्तीवर जगलेली लिपी राहते, पण मुकी होते.

मोडीचे काय झाले, हे या दोन निकषांवर घासून पाहावे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेवर लिहिला. बरू कसे निवडावेत, शाई कशी असावी, ओळींत अंतर किती, काना-मात्रा-वेलांटी कशी द्यावी, हे सारे त्यात बारकाईने आहे. पण ते सांगणे बालबोध अक्षराविषयी आहे. देवाधर्माची पोथी बहुधा बालबोधीत आणि हिशेब, हुकूम, खलिता, वतनाचा कागद मोडीत, अशी आपल्याकडे कामाची वाटणी होती. आधी पानभर शिरोरेघा ओढून घ्यायच्या आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे खाली लोंबकळत न्यायची, ही मोडीची पद्धत. वेगासाठी घडलेली ती कामाची लिपी. छापखाना आल्यावर वेगाचे कारण उरले नाही. विल्यम केरीने १८१०च्या आपल्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे वापरले होते, पण छपाईने बालबोधच जवळ केली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही गेली. तिचा उपयोग संपला आणि पूजा करावी असे तिच्यात कोणाला काही दिसले नव्हते.

सिद्धमातृका गेली तेव्हा तिच्यातले ग्रंथ नागरीत उतरवून झाले होते. मोडीचे तसे झाले नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात, तंजावरच्या सरस्वती महालात, भारत इतिहास संशोधक मंडळात आणि गावोगावच्या वाड्यांतल्या रुमालांत कागद बांधलेले आहेत तसेच आहेत. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. बावीस खंड झाले आणि तरी ती ओंजळभरच. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचे सरकारी काम निघाले तेव्हा कचेऱ्याकचेऱ्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कुणाच्या तरी पणजोबाची नोंद समोर उघडी पडलेली होती आणि भोवती जमलेल्या शिकलेल्या माणसांना ती वाचता येत नव्हती. लिपी हरवते म्हणजे काय होते, हे कळायला यापेक्षा वेगळा दाखला नको.

अलीकडे मोडीबद्दल पुन्हा आस्था दिसते. लग्नपत्रिकेवर, सदऱ्यावर, घराच्या पाटीवर मोडी अक्षरे झळकतात. सुलेखनकारांना तिच्या गोलाईत नवे रूप सापडले आहे. हे चांगलेच आहे. पण कोया पर्वतावरच्या फळ्या इथे आठवाव्यात. अक्षर नुसते डोळ्यांसाठी उरले, की त्याला ‘ह्रीः’चे ‘किरिकु’ व्हायला वेळ लागत नाही. शासनाचा पुराभिलेख विभाग आणि काही संस्था मोडी वाचनाचे वर्ग घेतात. तिथे दहा-वीस माणसे जुन्या कागदावर डोळे रोवून, एकेक अक्षर उच्चारून, अडत, चुकत, पुन्हा मागे येत वाचत असतात. जिउनने एकट्याने जे केले, तेच ही माणसे करीत आहेत. आणि त्याला नसलेली एक गोष्ट त्यांच्याकडे आहे. ज्या भाषेतली ती अक्षरे आहेत, ती भाषा ती माणसे घरी बोलतात. एवढ्या भांडवलावर एखाद्याने या दिवाळीत घरच्या माळ्यावरचा रुमाल सोडून मोडीचा ओनामा करायला हरकत नाही.